काडेपेटीतला रोड रोलर आणि साच्याचं गणित

शनिवारी सकाळी मॉलमधलं खेळण्यांचं दुकान उघडलं की इवल्या गाड्यांच्या भिंतीपाशी सगळ्यात आधी पोहोचतात ती तीस-पस्तिशीची माणसं. खुंटीवरची पाकिटं एकेक करून मागे सारतात, रंग बघतात, चाकं बघतात आणि दोन-तीन गाड्या निवडून निघतात. त्यातली एखादी संध्याकाळपर्यंत फोनवर दसपट किमतीला विक्रीला लागलेली असते. गेल्या महिन्यात माझ्या पुतण्याने मला विचारलं, "काका, दुकानात दोनशेच्या आत मिळणारी ही लोखंडी गाडी कुणी दोन हजाराला का घेईल?"

मी त्याला म्हटलं, त्याच्या आधीचा प्रश्न विचार. धातूची, रंगवलेली, चाकं फिरणारी गाडी मलेशिया-थायलंडहून येते. आपल्याकडे खेळण्यांवरची जकात २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के. एवढं सगळं भरून ती दोनशेच्या आत मिळतेच कशी? हे कळलं की तुझ्या प्रश्नाचं उत्तर निम्मं मिळालं.

दोन्ही उत्तरं साच्यात आहेत. मी आयुष्यभर भोसरीत एका टूलरूममध्ये साचे केले, दुचाकींच्या सुट्या भागांचे. साचा एखाद्या कंपनीला कसा वर नेतो आणि तोच तिचे हात कसे बांधतो, हे समजून घ्यायचं तर ‘मॅचबॉक्स’ गाड्या करणाऱ्या लंडनच्या लेस्नी कंपनीइतकं चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. म्हणून तिचीच गोष्ट सांगतो. पण आधी थोडं धातूबद्दल.

लोखंड नव्हे, जस्त

घरातली अशी एखादी गाडी घ्या आणि तिला लोहचुंबक लावून बघा. चिकटणार नाही. चाकांमधून गेलेल्या तारेला तेवढा चिकटेल, कारण ती पोलादाची असते. बाकीचा सांगाडा जस्ताचा, म्हणजे नेमकं सांगायचं तर जस्ताच्या मिश्रधातूचा. त्यात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम, चिमूटभर मॅग्नेशियम आणि कधीकधी तांबं असतं. अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने तो १९२९ मध्ये आणला. जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं यांच्या जर्मन नावांची आद्याक्षरं जोडून त्याला ‘झमॅक’ म्हणतात.

खेळण्यांसाठी हाच धातू का? तो ३८५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. ॲल्युमिनियमला ६६० लागतात, लोखंडाला १५०० च्या वर. वितळलेलं जस्त पाण्यासारखं पातळ वाहतं आणि केसासारख्या बारीक खोबणीतही शिरतं. दोन पेरांएवढ्या गाडीवर दाराची फट, मूठ, समोरची जाळी उमटते ती त्यामुळे. शिवाय उष्णता कमी म्हणून पोलादी साच्याला त्रासही कमी. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या साच्यातून लाखभर नग निघाले की आम्ही समाधानी असायचो. जस्ताचा साचा नीट सांभाळला तर दहा लाखांच्या घरात जातो. हा फरक लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

मोदकाचा साचा, चकलीचा सोऱ्या

डायकास्टिंग म्हणजे काय, हे आपल्या स्वयंपाकघरात सहज दिसतं. मोदकाचा साचा दोन फाळक्यांचा असतो. मिटला की आत मोदकाच्या आकाराची पोकळी. उकड दाबून भरली, साचा उघडला, कळ्यांसकट मोदक हातात. दोन फाळक्यांच्या सांध्यातून थोडी उकड बाहेर येते, ती आपण बोटाने पुसतो.

कारखान्यातला साचा, ज्याला आम्ही ‘डाय’ म्हणतो, तो असाच दोन फाळक्यांचा, फक्त कठीण केलेल्या पोलादाचा आणि कित्येक किलो वजनाचा. उकडीच्या जागी वितळलेलं जस्त. ते बोटाने भरता येत नाही, म्हणून चकलीच्या सोऱ्यासारखा एक दट्ट्या ते जोराने साच्यात ढकलतो. जस्ताच्या यंत्रात हा सोऱ्या वितळलेल्या धातूच्या कढईतच बुडालेला असतो. ॲल्युमिनियमच्या बाबतीत तसं करता येत नाही, ते लोखंडाला हळूहळू खाऊन टाकतं. त्यामुळे ते दर वेळी पळीने बाहेर काढून ओतावं लागतं. जस्ताला ही पळी लागत नाही म्हणून काम झपाट्याने होतं. दट्ट्या दाबला, धातू गोठला, साचा उघडला, नग पडला, पुन्हा मिटला. अशा एका फेरीला आम्ही ‘शॉट’ म्हणतो. लहान वस्तूंचे मिनिटाला कितीतरी शॉट निघतात आणि एका साच्यात चार-सहा पोकळ्या असल्या की प्रत्येक शॉटला तितके नग.

सांध्यातून बाहेर आलेली पातळ पत्री काढायला हे नग पिंपात घालून गडगडवतात. मग रंग, मग जोडणी. गाडी उलटी केलीत तर तळावर एक-दोन चपटे गोल ठिपके दिसतील. ते स्क्रू नाहीत. सांगाड्याच्या आतल्या बाजूला साच्यातच एक खुंटी ओतलेली असते. ती तळपट्टीच्या भोकातून बाहेर काढून वरून दाबून पसरवतात. वेगळा खिळा नाही, वेगळी नट-बोल्टची भानगड नाही. या एका युक्तीने किती पैसे वाचतात, ते लाखोंनी नग काढणाऱ्यालाच कळतं.

पण साचा महाग असतो ना?

फार महाग. लेस्नीच्या काळात आधी गाडीची तीन-चार पट मोठी प्रतिकृती घडवत. मग पँटोग्राफ नावाचं यंत्र त्या प्रतिकृतीवरून एक टोक फिरवी आणि दुसऱ्या टोकाला असलेलं कटर तोच आकार लहान करून पोलादात कोरी. शाळेत नकाशा लहान-मोठा करायला लाकडी पट्ट्यांचं साधन असायचं, त्याचाच हा थोरला भाऊ. त्यानंतर हाताने घासणं, पॉलिश, चाचणी, पुन्हा घासणं. सहज महिनेच्या महिने जातात. चूक झाली आणि पोलाद जास्त कोरलं गेलं, तर ते परत भरणं महाकठीण.

आता सोपा हिशेब करू. समजा, एका गाडीच्या सगळ्या साच्यांना वीस लाख रुपये लागले. हजार गाड्या काढल्या तर दर गाडीमागे साच्याचेच दोन हजार रुपये पडले. दहा लाख गाड्या काढल्या तर दोन रुपये. जस्त तेच, रंग तोच, माणसं तीच. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात जा, तिथेही हेच दिसेल. पहिली मूर्ती घडवायला मूर्तिकाराचे कितीतरी दिवस जातात, पण एकदा तिच्यावरून साचा उतरवला की पुढच्या मूर्तींचा वेग आणि भाव दोन्ही बदलतात.

म्हणून स्वस्त धातूची गाडी विकायची तर एकच वाट असते: एकेक मॉडेल लाखांनी खपलं पाहिजे. लेस्नीला ती वाट सापडली, आणि तीही ठरवून नव्हे.

‘रायफलमन’ नावाच्या पबमध्ये

१९४७ च्या जानेवारीत लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ यांनी कंपनी काढली. आडनाव एक, नातं काही नाही. शाळेतले मित्र, दोघेही युद्धात नौदलात होते. लेस्लीतला ‘लेस’ आणि रॉडनीतला ‘नी’ घेऊन नाव ठेवलं ‘लेस्नी प्रॉडक्ट्स’. भांडवल सुमारे सहाशे पौंड. जागा उत्तर लंडनच्या एडमंटन भागातली, एका जुन्या पबची, तिचं नाव ‘द रायफलमन’. सरकारने युद्धानंतर काढून टाकलेलं डायकास्टिंगचं एक यंत्र घेतलं आणि इतर कारखान्यांना लागणारे सुटे भाग ओतून द्यायला सुरुवात केली. आमच्या भोसरी-चिंचवडच्या गाळ्यांतून आजही असंच होतं. एक यंत्र, दोन भागीदार आणि मोठ्या कारखान्याच्या ऑर्डरकडे लागलेले डोळे.

लवकरच त्यांना जॅक ओडेल येऊन मिळाला. शाळा लहान वयात सुटलेली, पण साच्याचा हात असा की बघत राहावं. कंपनीचा पुढचा सगळा इतिहास या हातातून घडला. लेस्ली हिशेब आणि बाजार बघायचा, ओडेल साचे.

वर्षअखेरीला एक अडचण यायची. शिल्लक माल कमी दिसला तर कर कमी बसे, म्हणून गिऱ्हाईक कारखाने डिसेंबरच्या तोंडावर सुट्या भागांच्या ऑर्डरी थांबवत. यंत्र नुसतं बसून. आणि नेमका तोच नाताळच्या खेळण्यांचा हंगाम. १९४८ मध्ये त्यांनी एक रोड रोलर ओतला, हातात मावेल एवढा, आणि आसपासच्या दुकानांना दिला. तो विकला गेला. त्या वेळी ब्रिटनमध्ये खेळण्यातल्या गाड्या म्हणजे लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या ‘डिंकी’, १९३४ पासून नावाजलेल्या. लेस्नीचं खेळणं त्यांच्यापेक्षा बरंच स्वस्त होतं.

मग कोरियाचं युद्ध आलं आणि खेळण्यांसाठी जस्त वापरायला बंदी झाली. रॉडनीचा या धंद्यावरचा विश्वास उडाला. १९५१ मध्ये तो बाहेर पडला.

राणीची बग्गी

बंदीच्या आधीच ओडेलने राजघराण्याच्या बग्गीचा साचा करायला घेतला होता, आठ घोड्यांसकट. बंदी उठली तोवर राजा सहावा जॉर्ज वारला होता आणि एलिझाबेथच्या राज्याभिषेकाची तयारी सुरू झाली होती. बग्गीत तर राजा-राणी दोघं बसलेली! मग राजाची आकृती काढून टाकली. पण पायांचा भाग तसाच राहिला, त्यामुळे त्या मोठ्या बग्गीच्या बहुतेक नगांमध्ये राणीशेजारी नुसते पाय दिसतात. साच्यात केलेली दुरुस्ती कधी पूर्ण लपत नाही. मला हा तपशील फार आवडतो, कारण अशा ‘पायांशी’ आम्ही टूलरूमवाले आयुष्यभर झगडतो.

त्याच बग्गीची लहान आवृत्ती त्यांनी १९५३ च्या राज्याभिषेकासाठी काढली आणि ती दहा लाखांहून जास्त खपली. मघाचा हिशेब आठवा. साच्याचा खर्च इतक्या नगांवर पसरला की तो उरलाच नाही. पुढच्या साच्यांसाठी पैसा हाती आला. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, लहान वस्तू लाखांनी खपते हे डोळ्यांनी दिसलं.

त्याच सुमारास ओडेलच्या घरात एक मजेची घटना घडली. त्याच्या मुलीच्या, ॲनच्या, शाळेत नियम होता: काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायचं. ती पेटीत कोळी भरून न्यायची. बापाने तिच्यासाठी त्या जुन्या रोड रोलरची इवलीशी पितळी प्रतिकृती करून दिली. शाळेतल्या बाकीच्या मुलांनाही तशीच हवी झाली. १९५३ मध्ये काडेपेटीसारख्याच खोक्यात तीन गाड्या बाजारात आल्या: रोड रोलर, डंपर आणि सिमेंट मिक्सर. नाव ‘मॅचबॉक्स’. किंमत दीड शिलिंग, म्हणजे मुलाला खाऊच्या पैशातून घेता येईल अशी.

खोक्याच्या आकाराला गाडी बसवायची हा नियम एकदा ठरल्यावर प्रमाणाचा प्रश्नच मिटला. लंडनची दुमजली बस आणि एमजीची छोटी मोटार दोन्ही जवळपास सारख्या लांबीच्या. प्रमाणाबद्दल काटेकोर असणाऱ्यांना हे खटकायचं. मुलांना कधी खटकलं नाही. लहान गाडी म्हणजे कमी जस्त, लहान साचा, एका साच्यात जास्त पोकळ्या, एका पेटाऱ्यात जास्त माल. सगळा फायदा एकाच दिशेने.

फक्त पंच्याहत्तर

मॅचबॉक्सने क्रमांक वाढू दिले ते पंच्याहत्तरपर्यंत. त्यापुढे नवी गाडी काढायची तर जुनी बंद करायची आणि तिचा क्रमांक नवीला द्यायचा. म्हणून एक नंबरचे रोड रोलरच वेगवेगळ्या साच्यांचे मिळतात. मुलाला वाटावं की संच पूर्ण करणं आपल्या आवाक्यात आहे, आणि तरी तो कधी पूर्ण होऊ नये.

कंपनी १९६० मध्ये शेअर बाजारात आली. पूर्व लंडनच्या हॅकनीत तिचे मोठे कारखाने उभे राहिले. जोडणीच्या पट्ट्यांवर बहुतांश बायका काम करत आणि त्यांना आणायला-सोडायला कंपनीच्या बसगाड्या असत. साठच्या दशकाच्या अखेरीस आठवड्याला पन्नास लाखांच्या आसपास गाड्या बाहेर पडत होत्या. १९६८ मध्ये लेस्ली स्मिथ आणि ओडेल दोघांना ‘ओबीई’ हा ब्रिटिश किताब मिळाला.

त्याच वर्षी अमेरिकेत एक नवी गाडी आली.

मग एवढी भक्कम कंपनी डगमगली कशी?

एका तारेमुळे. हे अतिशयोक्तीचं वाटेल, पण समजावून सांगतो.

मॅचबॉक्सची चाकं जाड आसावर बसवलेली असत. आस म्हणजे चाकांच्या मधून आरपार जाणारी सळई. टोकं ठोकून चपटी केली की चाक निसटत नाही. भक्कम काम. मूल गाडी हाताने ढकलतं, ती थोडी जाते आणि थांबते. कुणाची तक्रार नव्हती.

कॅलिफोर्नियाच्या मॅटेल कंपनीने, म्हणजे बार्बी बाहुली करणाऱ्यांनी, १९६८ मध्ये ‘हॉट व्हील्स’ काढल्या. पहिल्या सोळा गाड्या. जनरल मोटर्समधून आलेल्या हॅरी ब्रॅडली यांनी बहुतेकींचं रूप ठरवलं होतं. चमकदार पारदर्शक रंग, फुगीर चाकं, आणि पियानोच्या तारेसारखा बारीक, लवचीक आस. चाकाच्या आत कमी घर्षणाचं प्लास्टिक. केशरी पट्टीच्या उतारावर सोडली की गाडी सुसाट.

बारीक आसाने वेग का वाढतो? दार ढकलून बघा. बिजागरीजवळ ढकललं तर जोर लागतो, कडेला ढकललं तर बोटानेही उघडतं. चाकात घर्षण आसाच्या पृष्ठभागावर होतं, म्हणजे चाकाच्या मध्याजवळ. आस जाड असेल तर घर्षणाला मध्यापासून थोडं लांबून, म्हणजे दाराच्या कडेकडून अडवता येतं. आस बारीक असेल तर त्याला बिजागरीला चिकटून अडवावं लागतं, आणि तिथून अडवणाऱ्याचा जोर चालत नाही. घर्षण तेवढंच असलं तरी त्याची पकड कमी होते. इतकी साधी गोष्ट.

आता लेस्नीच्या जागी उभे राहा. पंच्याहत्तर मॉडेलं, प्रत्येकाचे सांगाड्याचे आणि तळाचे साचे, चाकांचे साचे, आस ठोकायची यंत्रं, सगळं जाड आसाच्या मापाने केलेलं. साचा पोलादाचा असतो. त्याला आज एक आणि उद्या दुसरं सांगता येत नाही. ज्या साच्याने एका गाडीमागचा खर्च नगण्य केला, त्याच साच्याने बदलायची किंमत अवाढव्य केली. अमेरिकेतली विक्री कोसळली.

तरी त्यांनी झपाट्याने काम केलं, हे मी एक साचे करणारा म्हणून मनापासून सांगतो. १९६९ मध्ये ‘सुपरफास्ट’ नावाने बारीक आसाच्या गाड्या आल्या. शक्य तिथे जुने सांगाडे ठेवून तळ बदलले, काही मॉडेलांच्या चाकांवरच्या कमानी वाढवल्या. थोड्याच काळात सगळी मालिका बदलली. एवढ्या साच्यांवर इतक्या घाईत काम करणं म्हणजे काय, हे ज्याने टूलरूममध्ये रात्रपाळ्या काढल्या आहेत त्यालाच विचारा.

नुसत्या आसाने बुडाली म्हणणं बरोबर आहे का?

नाही. सुपरफास्टनंतर कंपनी सावरली आणि सत्तरच्या दशकात पुन्हा भरपूर माल विकत होती. दुसरा घाव पैशाच्या बाजूने आला. ब्रिटनमध्ये महागाई होती आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर १७ टक्क्यांवर गेला. पौंड महागला. लेस्नीचा मोठा गिऱ्हाईक परदेशात, त्यामुळे तीच गाडी अमेरिकन दुकानात महाग पडू लागली. मुलांचा ओढा इलेक्ट्रॉनिक खेळांकडे वळत होता. दरम्यान हाँगकाँगकडून स्वस्त माल येत होता.

इथेही साचाच आडवा येतो. साच्यात आज पैसा घालायचा आणि तो लाखो नग विकून कित्येक महिन्यांनी परत मिळवायचा. तोवरचा पैसा कर्जाचा. व्याज १७ टक्के असताना असा धंदा म्हणजे रोज थोडं रक्त देणं. १९८२ च्या जूनमध्ये कंपनी प्रशासकांच्या ताब्यात गेली. हाँगकाँगच्या डेव्हिड ये यांच्या युनिव्हर्सल कंपनीने मॅचबॉक्स घेतली आणि काम मकाव व पुढे चीनकडे गेलं. हॅकनीतल्या हजारो हातांचं काम संपलं. १९९२ मध्ये अमेरिकेच्या टायको टॉइजने मॅचबॉक्स घेतली आणि १९९७ मध्ये टायकोच मॅटेलने घेतली. त्या एका तारेने जिला घायाळ केलं, ती मॅचबॉक्स आणि हॉट व्हील्स आज एकाच मालकाच्या आहेत. दुकानात त्या शेजारी-शेजारी टांगलेल्या दिसतात.

ओडेल मात्र थांबला नाही. साठी ओलांडलेली असताना त्याने नवी कंपनी काढली. स्वतःचं आडनाव इंग्रजीत उलटं लिहून तिला नाव दिलं ‘लेडो’. जुन्या काळच्या व्हॅन आणि घोडागाड्यांचे साचे करत तो पुन्हा त्याच कामाला लागला. २००७ मध्ये तो वारला, लेस्ली स्मिथ त्याआधी २००५ मध्ये.

साचे कुठे जातात?

कंपनी बुडते, पण पोलाद बुडत नाही. साच्यात अजून दोन-चार लाख शॉट शिल्लक असतील तर तो कुणीतरी घेतंच. डिंकीचे जुने साचे साठच्या दशकाच्या उत्तरार्धात कोलकात्याला आले. तिथल्या एस. कुमार अँड कंपनीने त्यातून ‘निकी टॉइज’ नावाने गाड्या काढल्या. डिंकी हे नाव वापरायची मुभा नव्हती, म्हणून तळावरचं नाव घालवलेलं असे. हॉट व्हील्सच्या काही गाड्या आपल्याकडे ‘लिओ’ या नावानेही निघाल्या आणि नव्वदीत लहान असलेल्यांना त्या आठवतील. मॅचबॉक्सचे काही साचे बल्गेरियाला गेले.

अशा दुसऱ्या हातच्या साच्यातली गाडी ओळखता येते. कडा थोड्या बोथट, जाळीच्या रेषा भरलेल्या, सांध्यावर पत्रीच्या खुणा जास्त. साचा म्हातारा झालेला दिसतो. पण त्या गाड्यांचे रंग पुष्कळदा मूळ कंपनीने कधी वापरलेलेच नसतात. जगभरचे संग्राहक आज त्या भारतीय गाड्या शोधत फिरतात ते त्यासाठीच.

मग दोन हजाराला का?

आता पुतण्याचा प्रश्न. साचा एकच असला तरी त्यातून निघालेल्या सगळ्या गाड्या सारख्या नसतात. दहा लाख गाड्यांतल्या मोजक्या नगांना कारखान्यात वेगळा रंग लागला, चाकं संपली म्हणून दुसरी बसली, तर तेवढेच नग दुर्मीळ. पूर्वी हे आपसूक घडायचं. १९९५ पासून हॉट व्हील्स मुद्दाम काही गाड्या कमी संख्येने काढते, ‘ट्रेझर हंट’ नावाने, आणि त्या इतर गाड्यांतच मिसळून पाठवते. शनिवारी सकाळी ती माणसं पाकिटं उलटीसुलटी करतात ती याच गाड्यांसाठी.

सगळ्यात महाग हॉट व्हील्स तर न चाललेली गाडी आहे. १९६९ मध्ये फोक्सवॅगन व्हॅनचा एक नमुना केला, मागच्या काचेतून सर्फिंगच्या फळ्या बाहेर आलेल्या. ती फार अरुंद आणि उंच निघाली. गाड्यांना वेग देणाऱ्या यंत्रातून ती नीट जाईना. मग सांगाडा रुंद केला, फळ्या बाजूला बसवल्या आणि ती गाडी बाजारात आली. आधीचे नमुने मोजकेच उरले. त्यातल्या गुलाबी गाडीच्या किमतीचा आकडा एक लाख डॉलरच्या वर सांगतात. मूठभर जस्ताला एवढे पैसे कुणी देत नाही. ते पैसे, ज्या साच्यातून लाखो गाड्या कधी निघाल्याच नाहीत त्याला आहेत.

हा पैसा गुंतवणूक म्हणून टाकावा का? पुतण्याला मी स्पष्ट नाही म्हटलं. आज कमी दिसणारा रंग कंपनी उद्या पुन्हा काढू शकते. साचा तिच्याकडे आहे, तुझ्याकडे नाही.

जुनी गाडी घेताना एक पाहा

तरी कुणाला जुन्या गाड्यांचा छंद लागलाच, तर धातूची एक गोष्ट ठाऊक हवी. जस्तात शिसं मिसळलं तर ते आतून सडतं. धातू म्हणजे बारीक कणांची भिंत समजा. शिसं कणांच्या मधल्या सांध्यात जाऊन बसतं, जणू विटांमधल्या चुन्यात कुणी मीठ कालवलं. मग हवेतला दमटपणा शिरतो आणि पावसाळ्यात जुन्या भिंतीला लोणा लागावा तसं होतं. गाडी फुगते, वाकते, तिला जाळीसारख्या भेगा पडतात आणि एक दिवस ती हातात भुगा होऊन येते. त्यावर इलाज नाही.

त्यामुळे चांगल्या झमॅकमध्ये शिसं ०.००५ टक्क्याच्या वर चालत नाही. चाळीस ग्रॅमच्या गाडीत दोन मिलिग्रॅम, म्हणजे साखरेच्या एखाद्या दाण्याइतकं. वितळलेल्या जस्ताच्या कढईत शिशाच्या भंगाराचा एक तुकडा पडला तरी सगळी कढई बिघडते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कितीतरी डिंकी अशाच गेल्या. लेस्नीच्या गाड्या टिकल्या, कारण तोवर शुद्ध जस्त मिळू लागलं होतं आणि कढईत काय पडतं यावर लक्ष होतं.

म्हणून जुनी गाडी हातात आली की आधी रंग बघू नका. ती उलटी करा. तळ सपाट आहे का, चारही चाकं टेबलाला टेकतात का, दारांच्या फटी सरळ आहेत का, नखाने दाबल्यावर कुठे खपली उठते का, ते पाहा. पुतण्याने परवा जुन्या बाजारातून एक आणली, तळावर ‘मेड इन इंग्लंड बाय लेस्नी’ कोरलेली. रंग निम्मा उडालेला, पण चारही चाकं टेबलाला टेकली होती आणि भिंगातून बघितलं तर समोरच्या जाळीची एकेक रेष अजून स्वच्छ होती.